उपकाराची वही

प्रिय,

तुझा लेख दोनदा वाचला. मेहनत दिसते, पण शीर्षक खटकलं: 'फिलिपिनोंनी ज्यूंना वाचवलं, ज्यूंनी त्यांना रोजगार दिला.' असा जमाखर्च मांडलास की माणसं वहीतल्या नोंदी होऊन बसतात.

फिलिपिन्सच्या राजधानीची, मनिलाची गोष्ट आधी नीट धर. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँला ३२ देश नाझींपासून पळणाऱ्या ज्यू निर्वासितांसाठी जमले आणि बहुतेकांनी हात झटकले. त्याच सुमारास मनिलात फिलिपिन्सचे अध्यक्ष मॅन्युएल केझॉन, अमेरिकेचे हाय कमिशनर पॉल मॅकनट आणि सिनसिनाटीहून आलेले सिगार कारखानदार फ्रीडर बंधू व्हिसांची खटपट करत होते. पत्त्यांच्या डावावर बोलणी होत, त्यात आयझेनहॉवर नावाचा, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला एक लष्करी अधिकारीही असे. हा डाव तू छान रंगवलास. पण याद्या कुठे गेल्या? तिथल्या ज्यू समितीने डॉक्टर, इंजिनिअर, हिशेबनीस असे कामाचे लोक निवडून मागवले होते, कारण येणारा माणूस कोणावर भार होता कामा नये. दयेलाही चाळणी होती. बाराशेहून अधिक जीव वाचले. दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावर १०,००० जणांना वसवायचा बेत कागदावरच राहिला. यादीत ज्यांचं नाव आलं नाही, त्यांच्यासाठी एक वाक्य तरी लिही.

आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट तुझ्या नजरेतून निसटलीच. फिलिपिन्स तेव्हा स्वतंत्र नव्हता, अमेरिकेच्या अमलाखाली होता. १९३४ च्या अमेरिकन कायद्याने फिलिपिनोंच्या तिकडच्या स्थलांतरावर वर्षाला ५० जणांची मर्यादा घातली होती. पन्नास! ज्यांना राज्यकर्त्यांनी स्वतःच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यांनी परक्यांना घरात घेतलं. केझॉनने तर मनिलाजवळच्या मारिकिनातली स्वतःची जमीन निर्वासितांच्या वस्तीसाठी दिली. लेखाची सुरुवात इथून कर, पत्त्यांच्या टेबलावरून नको.

युद्धाचा भाग थोडक्यात आटप. फक्त एक विचित्र वळण सोडू नकोस: जपानी आले तेव्हा अमेरिकनांना सांतो तोमास विद्यापीठातल्या छावणीत डांबलं गेलं, आणि जर्मन पासपोर्ट असलेले बरेच ज्यू 'जपानच्या मित्रदेशाचे' म्हणून बाहेर राहिले. ज्या देशाने त्यांना घरातून हाकललं, त्याच्याच पासपोर्टने इथे काही काळ तारलं. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिला बेचिराख झाली. टेंपल एमिल हे सिनेगॉगही गेलं. मे महिन्यात सांताक्रूझ चर्चच्या पडक्या भिंतींत मनिला सिम्फनीची मैफल झाली, बेथोव्हेनची 'एरोइका'. वाद्यवृंदापुढे उभा होता व्हिएन्नाचा ज्यू हर्बर्ट झिपर, डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या नाझी छळछावण्या भोगून आलेला. फिलिपिनो वादक आणि तो, दोघांचीही घरं उद्ध्वस्त झालेली. इथे कोण कोणाचं देणं फेडत होतं, सांग बरं.

आता इस्राएल. तू लिहितोस, तिथे कामाला गेलेल्या फिलिपिनो सेविका म्हाताऱ्यांची 'पोटच्या मुलीसारखी' काळजी घेतात. पोटच्या मुलीला कामाचा परवाना लागत नाही, आणि तो ६३ महिन्यांनी संपतही नाही. मूल झालं तर बाळाला मायदेशी पाठव, नाहीतर परवाना गमाव, असा नियम तिथे होता. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो रद्द केला. म्हणजे प्रेम खोटं, असं मी म्हणत नाही. वर्षानुवर्षं एकाच घरात रात्रीची औषधं देताना, हिब्रूत कुरकुर ऐकताना माया जडतेच. पण ती पगाराच्या आणि परवान्याच्या पोटातच जडते, हे लपवू नकोस.

जाता जाता एक. ज्यूंचा विश्रांतीचा वार शनिवार, त्यामुळे या सेविकांची हक्काची सुटीही शनिवारी; म्हणून तिथले फिलिपिनो कॅथलिक बरेचदा चर्चमधल्या मिसेलाही (प्रार्थनेलाही) शनिवारीच जातात. मला एकदम आपले कोकणातले 'शनवार तेली' आठवले, शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएली ज्यू. शेजाऱ्याचा वार आपल्या अंगवळणी पडणं, हा तपशील तुझ्या सगळ्या विशेषणांपेक्षा जास्त बोलतो.

दुसरा खर्डा महिनाअखेरीला पाठव. शीर्षकाची जागा सध्या कोरी ठेव.

तुझा,
जुना संपादक