चिपाडानं विहिरीचं पाणी शुद्ध होतंय का?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही करवीर तालुक्यातले. विहिरीच्या वरच्या अंगाला प्लेटिंगचं (धातूला मुलामा द्यायचं) एक शेड आहे, पावसाळ्यात तिकडचं पाणी ओढ्यातनं आमच्याकडं येतंय. मोबाईलवर बघितलं की उसाचं चिपाड पाण्यातलं शिसं, क्रोमियम ओढून घेतंय. भावकीचं गुऱ्हाळ आहे, चिपाड पायजे तेवढं मिळतंय. ड्रममध्ये भरून पाणी गाळलं तर प्यायला चालंल का? आणि वापरलेलं चिपाड वाळवून परत चुलवाणात घातलं तर चालतंय न्हवं?

उत्तर: दादा, चुलवाणाचं आधी सांगते, कारण ते वाचून मला धस्सच झालं. अजिबात घालू नका. चिपाड धातू संपवत नाही, नुसतं धरून ठेवतंय. जाळलं की थोडं शिसं-कॅडमियम धुरात जाणार आणि बाकीचं राखेत, आणि राख आपण रानात टाकतोच की, म्हणजे विहिरीतनं काढलेलं परत उसाच्या मुळाशी.

व्हिडिओत सांगितलेलं खोटं नाही. चिपाडाच्या धाग्यात सेल्युलोज, लिग्निन असतंय, त्यावर कार्बॉक्सिल, हायड्रॉक्सिल असे रासायनिक गट असतात, त्यांना पाण्यात विरघळलेले धातूचे कण (आयन) चिकटतात. भाताचं तूस, शेंगांची टरफलं पण हेच करतात. पण शिसं, कॅडमियम चांगलं धरलं जातंय पीएच (पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा, जेवढा कमी तेवढं आंबट) ५-६ च्या आसपास, आणि प्लेटिंगमधलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) धरायला पाणी पार आंबट लागतंय, पीएच २ च्या जवळ. विहिरीचं पाणी तेवढं आंबट नसतंय, म्हणून हे क्रोमियम तुमच्या ड्रममधनं बहुतेक तसंच खाली येणार. शिवाय कच्च्या चिपाडातनं साखर आणि रंग उतरतोय, दोन दिवसात पाण्याला वास मारायला लागंल.

म्हणून प्यायला नको. पिण्याच्या पाण्यात लिटरमागं शिसं ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३, एकूण क्रोमियम ०.०५, याच्या वर चालत नाही, आणि एवढंसं जिभेला कुठलं कळायला. उकळून पण जात नाही, उलट पाणी आटतंय आणि धातू तेवढाच राहतोय.

आधी पाणी लॅबला द्या आणि देताना जड धातू तपासायचे असं स्पष्ट सांगा, साध्या तपासणीत ते येत नाहीत. चिपाडाची खरी जागा त्या शेडच्या आउटलेटला आहे, तिथं आम्लाचं प्रमाण सांभाळता येतंय आणि वापरलेला माल घातक कचरा म्हणून नियमानं देता येतोय. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर ऑफिसात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. रिपोर्ट येईपर्यंत घरात, विशेषतः पोरांना, दुसरीकडचं पाणी द्या. आणि ड्रम आधीच भरून वापरला असंल तर त्यातलं चिपाड गोठ्यात, उकिरड्यावर कुठंच टाकू नका, झाकून बाजूला ठेवा.