जयपूरला जाताय? आधी कारखाना, मग संग्रहालय

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत तीन दिवस जयपूरला जात आहोत. संग्रहालयं आणि हस्तकलांचे कारखाने दोन्ही बघायचे आहेत. क्रम कसा लावावा?

उत्तर : कारखाना आधी ठेवा. बहुतेक जण सिटी पॅलेसपासून सुरुवात करतात आणि वेळ उरलाच तर एखाद्या दुकानामागच्या छपाईच्या टेबलापाशी दहा मिनिटं थांबतात. मग सिटी पॅलेसमधल्या मुबारक महालातलं सांगानेरी छापाचं जुनं कापड नुसतं डोळ्यांखालून जातं. कापडावर लाकडी ठसा कसा बसतो, दोन छापांचा जोड कुठे येतो हे आधी पाहिलेलं असेल, तर त्याच कापडापुढे पाय रेंगाळतात.

पहिला दिवस बगरू या हातछपाईच्या गावाला द्या. अजमेर रस्त्याने ते साधारण ३० किलोमीटरवर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आमेरचा किल्ला आणि तिथून पायी जाण्याजोग्या अंतरावरचं अनोखी हातछपाई संग्रहालय बघा. जीर्णोद्धार केलेल्या एका हवेलीत ते २००५ पासून आहे. ठसे कोरणारे आणि छपाई करणारे कारागीर तिथे प्रत्यक्ष काम करून दाखवतात. सोमवारी ते बंद असतं आणि उन्हाळ्यातही काही काळ बंद ठेवतात, म्हणून वार बघून बेत आखा. तिसरा दिवस शहरातल्या सिटी पॅलेस, जंतर मंतर आणि अल्बर्ट हॉल संग्रहालयासाठी.

या क्रमाचा तिकिटातही फायदा होतो. आमेर, जंतर मंतर, हवा महल, अल्बर्ट हॉल, नाहरगड यांचं सरकारी एकत्रित तिकीट दोन दिवस चालतं. ते पहिल्या दिवशी न घेता दुसऱ्या दिवशी आमेरला घेतलं की पुरेपूर वापरलं जातं. सिटी पॅलेस त्यात येत नाही, त्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

प्रश्न : बगरूत नेमकं काय पाहायचं? आणि विकत घेताना खरी हातछपाई ओळखायची कशी?

उत्तर : छपाईच्या टेबलाआधी अंगणात बघा. बगरूचं कापड पहिल्यांदा धुऊन त्यातली खळ काढतात आणि मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात. त्याने कापडाला पिवळसर झाक येते. ती नुसती शोभेची नसते, हिरड्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य पुढच्या रंगाला धरून ठेवतं. काळ्या रंगासाठी गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात बरेच दिवस आंबवतात. ते पाणी हिरड्याच्या कापडावर छापलं की टॅनिन आणि लोह मिळून पक्का काळा तयार होतो. लालासाठी तुरटीची खळ छापतात. छापताना तिचा लाल दिसत नाही. तो दिसतो नंतर, कापड धायटीची फुलं आणि अलिझरीन हा लाल रंग घातलेल्या पाण्यात उकळल्यावर, आणि जिथे तुरटी आहे तिथेच तो पक्का बसतो. म्हणून छापणाऱ्याला न विचारता 'हा फिकट का?' असं ठरवून टाकू नका. तुम्ही अर्धवट झालेलं काम पाहत असता.

दाबू, म्हणजे मातीने कापड झाकून रंगवण्याची पद्धत, हा बगरूचा सगळ्यात पाहण्यासारखा भाग. काळी माती, चुना, डिंक आणि किडलेल्या गव्हाची भुकटी एकत्र मळून तिचा लगदा करतात, गाळतात आणि ठशाने कापडावर छापतात. लगेच वरून लाकडाचा भुसा भुरभुरतात, नाहीतर ओली माती दुसऱ्या घडीला चिकटते. उन्हात खडखडीत वाळलं की कापड निळीच्या हौदात जातं. माती असते तिथे नीळ शिरत नाही. हौदातून काढलेलं कापड आधी हिरवट पिवळं असतं आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होत जातं. ते बघण्यासाठी तरी निळीची पाळी कधी आहे, हे फोन करून विचारून जा.

बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. माती नीट वाळली नसेल किंवा कापड हौदात फार वेळ राहिलं, तर माती सुटते आणि नक्षीच्या कडा फुटतात. पावसाळ्यात ऊन नसल्याने हे काम रखडतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये केवळ दाबूसाठी जाऊ नये. वाळलेल्या मातीला तडे जाऊन त्यातून नीळ शिरते आणि बारीक शिरा उमटतात, तो मात्र दोष समजू नका. दाबूची ती खूणच आहे.

टेबलापाशी ठसे उलटे करून दाखवायला सांगा. एका बहुरंगी नक्षीला किमान दोन-तीन ठसे लागतात : बाह्यरेषेचा 'रेख', पार्श्वभूमीचा 'गद' आणि आतले रंग भरणारा 'दत्ता'. मोठ्या ठशाला आरपार बारीक भोकं असतात. ती नसली तर ठसा आणि कापड यांच्यात हवा अडकते आणि छाप मधे फिका पडतो.

आता ओळखण्याविषयी. उलट्या बाजूला रंग उतरला म्हणजे हातछपाई, असं दुकानात सांगतात, पण तो पुरावा नाही. पातळ कापडावर स्क्रीनचा, म्हणजे जाळीतून छापलेला, रंगही मागे उतरतो. त्याऐवजी कापड मीटर-दोन मीटर उलगडा. ठसा जुळवण्यासाठी कोपऱ्यात ठेवलेले बारीक ठिपके शोधा. मग एखादी चूक निवडा, समजा पाकळीबाहेर सरकलेला लाल. तीच चूक, तेवढीच, ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा आली तर ते स्क्रीनचं काम. ठशाचा टवका उडालेला असेल तर तोही प्रत्येक छापात दिसेल, पण शेजारच्या छापाशी त्याचं अंतर प्रत्येक वेळी थोडं वेगळं असेल. रंगही कुठे दाट, कुठे फिका असेल, कारण रंगाची गादी भरली आणि सुकली तसा छाप बदलतो.

प्रश्न : ब्लू पॉटरीच्या एका दिवसाच्या वर्गात चहाचे कप करून आणावेत असा विचार आहे. जमेल का?

उत्तर : कप होतील, पण त्यातून चहा पिऊ नका. ब्लू पॉटरीच्या, म्हणजे जयपूरच्या निळ्या नक्षीच्या, भांड्यांत चिकणमाती जवळजवळ नसतेच. मुख्य घटक गारगोटीची पूड. तिच्यात काचेची पूड, थोडी मुलतानी माती, सज्जीखार आणि कतिरा डिंक घालून कणकेसारखा गोळा मळतात. तो चाकावर उभा राहत नाही. म्हणून पोळीसारखा थापून साच्यात बसवतात आणि आकार ढासळू नये म्हणून आत राख दाबतात. चाक लागतं ते गळा आणि बूड यांच्यापुरतं. वर पांढरा लेप, त्यावर चित्र, त्यावर झिलई आणि मग एकच भाजणी, साधारण ८०० ते ८५० अंशांना. एवढ्या कमी तापमानाला भांडं सच्छिद्र राहतं. झिलईत शिसंही असू शकतं. फुलदाणी, फरश्या, दाराच्या मुठी यांसाठी उत्तम, गरम किंवा आंबट पदार्थांसाठी नाही.

वर्गात तुमच्या हाती बहुधा तयार, लेप दिलेलं भांडं येईल. रंगवताना गोंधळू नका. कोबाल्टचा ऑक्साइड भाजण्याआधी करडा-काळा दिसतो आणि भट्टीतून निळा होऊन येतो. रंग दाट थापला तर पसरतो, म्हणून पातळ हात ठेवा. आणि भांडं त्याच दिवशी मागू नका. भट्टी तीनेक दिवस निवू द्यावी लागते, घाईने उघडली की तडे जातात. घरपोच पाठवण्याची सोय आहे का, हे पैसे भरण्याआधीच ठरवा.

ही कला विसाव्या शतकात मरणपंथाला लागली होती. ती पुन्हा उभी करण्यात चित्रकार कृपालसिंह शेखावत यांचा वाटा मोठा. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

प्रश्न : अल्बर्ट हॉलसाठी एकच तास आहे. काय सोडू नये?

उत्तर : मुलं सोबत असतील तर ती इजिप्तच्या ममीकडे ओढतीलच. तुम्ही इराणचा बागेचा गालिचा बघा. १६३२ किंवा त्याआधीचा हा गालिचा म्हणजे चारबागेचा, चार भागांत विभागलेल्या बागेचा, वरून दिसणारा नकाशा आहे : पाण्याचे पाट, त्यात मासे, कडेने झाडं. मग मातीची आणि धातूची भांडी बघा. सॅम्युअल स्विंटन जेकब यांनी बांधलेली ही वास्तू १८८७ मध्ये खुली झाली, आणि स्थानिक कारागिरांना उत्तम नमुने बघायला मिळावेत हा त्या संग्रहामागचा एक हेतू होता. बगरूहून आलात तर त्या कपाटांपुढे तुम्हीही तसेच उभे राहाल, काम कसं झालं असेल याचा अंदाज घेत. वेळ उरला तर जवाहर कला केंद्र गाठा. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ते नवग्रहांच्या नऊ चौकोनांवर रचलं आहे, आणि त्यातला एक चौकोन मुद्दाम फिरवून बाजूला सरकवलेला आहे. आत शिरण्याची वाट तिथूनच आहे.