बेंजो पार्टीतला मुलगा आणि जगभरचं संगीत

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे. गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो, चतुर्थीत बेंजो पार्टीत कीबोर्डवर असतो. आता म्हणतो, रेगे, ब्लूज, हिपहॉप असलं जगभरचं संगीत शिकून म्युझिक प्रोड्युसर होणार. दिवसभर कानात हेडफोन. हे शिकायचं कसं, आणि त्यावर पोट भरेल का?
– एक आई, वेंगुर्ला

उत्तर : नमस्कार ताई,

ऐकतोय ते ऐकू दे. मात्र वीस प्रकार चाखून एकही हातात बसत नाही, म्हणून सध्या तीनच घ्यायचे, प्रत्येकाला दीड-दोन महिने. पखवाज येतो, तेव्हा तालाच्या दारानेच शिरू दे.

पहिला रेगे. 1960च्या दशकाच्या अखेरीस जमैकात घडलेला. चार मात्रा मोजायच्या. त्याच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात पहिली मात्रा ड्रमपुरती रिकामी, जोरकस ठोका तिसरीवर, गिटारचा तुटक आवाज दुसरी-चौथीवर. भजनातली मुलं इथे हमखास अडखळतात, कारण समेवर थाप द्यायची सवय हाडात मुरलेली असते. तोंडाने ‘एक’ म्हणायचं आणि हात वर धरून ठेवायचा. संथ लयीत हे जमल्याशिवाय कीबोर्डला हात नको.

दुसरी खोड लय पळवण्याची. गजराला लय चढते ती तिथे शोभते, रेकॉर्डिंगला क्लिक, म्हणजे ठरलेल्या गतीची टिकटिक, लावलेला असतो. मोबाईलवरचा मेट्रोनोम (ही टिकटिक देणारं ॲप) हेडफोनमधून मिनिटाला 120 मात्रांवर लावून पाच मिनिटं भजनी ठेका वाजवायला सांगा. 1980च्या दशकात शिकागोत आलेलं हाउस संगीत साधारण याच गतीत चालतं, प्रत्येक मात्रेवर बास ड्रम. दुसऱ्या फोनवर क्लिकसकट रेकॉर्ड करून ऐकलं की हात कुठे पुढे पळाला ते त्याचं त्यालाच कळेल.

मग ब्लूज, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं. नेहमीचा साचा 12 बारचा. एक बार चार मात्रांचा, म्हणजे एकूण 48 मात्रा. प्रत्येक बारला एक कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबायचे स्वर. चार बार सा-ग-प, दोन म-ध-सां, दोन पुन्हा सा-ग-प, एक प-नी-रें, एक म-ध-सां, शेवटचे दोन सा-ग-प. सा-ग-प मध्ये कोमल नी मिसळला की खरा रंग येतो. चूक नवव्या-दहाव्या बारला होते, कारण तिथे एकेका बारने कॉर्ड बदलते आणि बोटं आधीच्याच जागी राहतात. तेवढे चार बार, नऊ ते बारा, वेगळे घोटायचे.

तिसरा स्पेनचा फ्लेमेंको, आणि पखवाजवाल्याला खरी मजा इथेच. त्यातल्या ‘सोलेआ’ या प्रकारात चौतालासारख्याच 12 मात्रा, पण जोर 3, 6, 8, 10 आणि 12वर. म्हणजे तीन-तीन-दोन-दोन-दोन. चौताल दोन-दोनचा. एका हाताने चौतालाची टाळी धरून दुसऱ्याने हे जोर देऊन बघायला सांगा. बहुतेकांची सहावी मात्रा सुटते. सुटली की पुन्हा एकपासून.

हिपहॉप शेवटी. 1970च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात ते उभं राहिलं, रेकॉर्डवरचा ड्रमचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून. त्याला कॉम्प्युटर लागतो. तो घेईपर्यंत थांबलं तरी बिघडत नाही.

आता पोटाचं. ‘प्रोड्युसर’ म्हणून पहिल्याच वर्षी कुणी पैसे देत नाही. सुरुवातीची कमाई कार्यक्रमांचं साउंड सांभाळणं, डबिंगच्या रेकॉर्डिंगला मदत करणं, दुसऱ्याच्या गाण्याला ट्रॅक करून देणं अशी येते. कागद हवा तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या पखवाजाच्या परीक्षा सोडू नका. जोडीला पाश्चात्त्य नोटेशन (स्वरलिपी) शिकायला हवं. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षा आठव्या ग्रेडपर्यंत असतात. त्याने पियानो किंवा कीबोर्डच्या पहिलीपासून सुरुवात करावी. वेंगुर्ल्याहून पणजी जवळ आहे आणि तिथल्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण मिळतं. प्रवेशाच्या तारखा तिथेच जाऊन विचारा.

बारावीचं फिजिक्स मात्र सोडू देऊ नका. पुण्याच्या एफटीआयआयमधला (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट) ध्वनीचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे आणि त्यासाठी बारावीला फिजिक्स असण्याची अट राहत आली आहे. त्या-त्या वर्षीचं माहितीपत्रक बघायचंच. आणि खाजगी संस्थेत लाखांची फी भरण्याआधी एवढं विचारा : विद्यार्थ्याला आठवड्याला स्टुडिओ किती तास मिळतो, आणि एका मिक्सरमागे मुलं किती? उत्तर गोलमाल आलं, तर अ‍ॅडव्हान्स देऊ नका.