जाकडाचा माल आणि गल्ल्यातले पैसे

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

दुकानाची जागा ठरली, नाव ठरलं, फळ्यांची मापंही झाली. माल कोणाकडून आणि कोणत्या बोलीवर घ्यायचा ते मात्र ‘पुढे बघू’, असं तू लिहिलंस. मला हा क्रम उलटा वाटतो. घरगुती पदार्थ आणि हातकामाच्या वस्तू विकणाऱ्या लहान दुकानाचं बरंवाईट बहुतेक माल घेतानाच ठरून जातं.

माल दोन तऱ्हांनी येतो. रोखीने विकत घेतलेला, नाहीतर जाकड. जाकडाच्या मालाची मालकी तो विकला जाईपर्यंत कारागिराचीच असते. विकला की ठरलेला वाटा त्याला, उरलेला तुला. भांडवल कमी असलं की ही पद्धत फार सोयीची वाटते, आणि घात तिथेच होतो. गल्ल्यात पडलेले सगळे पैसे सारखेच दिसतात. त्यातून भाडं जातं, विजेचं बिल जातं, आणि कारागीर दारात आला की ‘पुढच्या आठवड्यात या’ सुरू होतं. मी बंद पडताना पाहिलेली अशी दुकानं गिऱ्हाईक नाही म्हणून कमी, आणि कारागिरांनी माल देणं थांबवलं म्हणून जास्त बंद पडली. म्हणून कारागिराचा वाटा रोज संध्याकाळी वेगळ्या खात्यात टाक. तो तुझा नाहीच.

बोली लेखी हवी, ओळखीच्या माणसाशी तर नक्कीच. वाटा किती, पैसे कोणत्या तारखेला, न विकलेला माल किती दिवसांनी परत, फुटलं किंवा चोरीला गेलं तर भरपाई कोणाची. आणखी एक गोष्ट सगळे विसरतात: कारागीर तीच वस्तू घरून कमी भावात विकणार का? तसं असेल तर तुझं दुकान फक्त नमुने बघायची जागा होईल.

खाण्याचे पदार्थ मात्र जाकडावर घेऊ नकोस, हे माझं ठाम मत. नासलेल्या मालाचं नुकसान दुसऱ्याच्या माथी असलं की आधी मुदत संपणारी बरणी पुढे आणायला आपला हात आळस करतो. थोडा माल घे, वरचेवर घे, रोख घे.

नफा विक्रीवर मोज. शंभराला घेतलेली वस्तू दीडशेला विकली की ‘50 टक्के सुटले’ म्हणतात, पण विक्रीवर तो नफा 33 टक्केच असतो, आणि भाडं विक्रीतूनच जातं. त्या दीडशेवर 10 टक्के सूट दिलीस तर पन्नासातले पंधरा गेले, म्हणजे नफ्यातले 30 टक्के. सूट देताना हा हिशेब आठवत असला म्हणजे झालं.

आता मालाची निगा. तळलेल्या पदार्थांतलं तेल उजेड, उष्णता आणि हवेने खवट होतं, त्यामुळे उन्हातली काचेची खिडकी ही त्यांची सगळ्यात वाईट जागा. कापडाचे रंगही तिथेच उडतात. सुगंधी साबण-मेणबत्त्या पदार्थांपासून लांब ठेव. पिठं आणि मसाले वास ओढून घेतात. मध गोठला की गिऱ्हाईक साखर मिसळल्याचा संशय घेतं. त्यातली नैसर्गिक शर्कराच स्फटिक होते, कोमट पाण्यात बरणी ठेवली की मध पुन्हा पातळ होतो; हे एका चिठ्ठीवर लिहून तिथेच लावून टाक.

एका बाबतीत भीड बाळगू नकोस. 1985 साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका हॉटेलातल्या, फ्रिजबाहेर ठेवलेल्या लसणाच्या तेलातून 36 जणांना बॉट्युलिझम झाला, म्हणजे एका जिवाणूच्या विषाने होणारी जीवघेणी विषबाधा. हवा न लागणाऱ्या, कमी आंबट पदार्थात तो जिवाणू वाढतो आणि वासावरून कळेलच असं नाही. सामू (pH, आंबटपणाचं माप; जितका कमी तितका पदार्थ आंबट) 4.6 किंवा त्याहून कमी असेल तर तो वाढत नाही. घरी बाटलीबंद केलेला असा पदार्थ कुणी आणला, तर तपासणीचा कागद माग. नसेल तर, माणूस कितीही जवळचा असो, नाही म्हण. आणि प्रत्येक बरणीवर बनवणाऱ्याचं नाव, घटक, तारीख आणि घाणा क्रमांक (एका वेळी बनवलेल्या सगळ्या मालाचा एकच नंबर) हवाच. तक्रार आली तर नेमक्या कोणत्या बरण्या उचलायच्या ते त्यावरूनच कळतं.

एखाद्या वस्तूला उठाव आला की लगेच दुप्पट नग मागू नकोस. महिन्याला खरोखर किती होतात ते कारागिराला आधी विचार. हातांना घाई लागली की पहिल्यांदा सफाई जाते. मागणी टिकली तर आधी भाव थोडा वाढव आणि वाढीतला मोठा वाटा त्याला दे. त्यातून त्याला मदतनीस ठेवता आला तर नग आपोआप वाढतील.

तुझा,
काका