भारताची गायराने आणि मंगोलियाची कुरणे

प्रश्न : संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यांत ‘कायमस्वरूपी कुरणे व चराऊ जमीन’ या सदराखाली भारताचे क्षेत्र 1961 मध्ये सुमारे 1 कोटी 40 लाख हेक्टर दिसते आणि अलीकडे ते 1 कोटी 3 लाखांच्या आसपास आले आहे. मंगोलियाचे क्षेत्र त्याच काळात सुमारे 14 कोटींवरून 11 कोटींपर्यंत उतरले आहे. मंगोलियाने जवळजवळ महाराष्ट्राएवढे कुरण गमावले आणि त्या मानाने आपले नुकसान किरकोळ आहे, असे समजावे काय? (एक वाचक, जि. सोलापूर)

उत्तर : तसे समजू नये, कारण हे दोन आकडे एकाच गोष्टीची मोजणी करत नाहीत. संघटनेच्या व्याख्येनुसार पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चाऱ्यासाठी वापरात असलेली जमीन या सदरात येते, मग तेथील गवत पेरलेले असो वा आपोआप उगवलेले. मात्र कोणती जमीन त्यात धरायची, हे प्रत्येक देशाच्या महसुली नोंदींवरून ठरते.

भारतात ही नोंद जमीनवापराच्या नऊ प्रकारांच्या वर्गीकरणातून येते. त्यात कायमची कुरणे हा एक प्रकार असून वने, लागवडयोग्य पडीक आणि चालू पड हे त्याहून वेगळे प्रकार आहेत. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 53 कोटी 60 लाख जनावरे नोंदली गेली. ती सगळी नोंदलेल्या कुरणांवरच जगतात असे मानले, तर दर हेक्टरी पन्नासाहून अधिक जनावरे येतात, आणि हे अशक्य आहे. आपली जनावरे कडब्यावर, बांधावरच्या गवतावर, पडीक रानात आणि जंगलात जगतात. पावसाळ्यानंतर कोकणाकडे उतरणारे धनगर शेतकऱ्यांच्या रिकाम्या शेतांत मेंढ्या बसवतात. चराईची ही जमीन कागदावर शेतीच असते. कच्छमधील बन्नी हा देशातील सर्वांत मोठ्या गवताळ प्रदेशांपैकी एक असला, तरी 1955 पासून त्याला संरक्षित वनाचा दर्जा आहे.

काळानुसार तुलना करताना आणखी एक अडचण येते. भारतात 1950-51 साली कुरणे 67 लाख हेक्टर होती आणि 1960-61 साली ती 1 कोटी 40 लाखांच्या घरात गेली. दहा वर्षांत गवत दुप्पट झाले नव्हते. त्याच दशकात किरकोळ झाडझाडोऱ्याखालील क्षेत्र 1 कोटी 98 लाखांवरून 45 लाखांवर आले. नवे वर्गीकरण तेव्हा नुकतेच लागू होत होते आणि जमिनी एका सदरातून दुसऱ्या सदरात जात होत्या. त्यामुळे भारताची तुलना 1960-61 च्या आधीपासून सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मंगोलियाची घट हीदेखील मुख्यतः नांगराची करणी नाही. तेथे शेती ऐन भरात असतानाही लागवडीची जमीन 15 लाख हेक्टरांच्या आतच होती. तीन कोटी हेक्टरांचा हिशेब त्यातून लागत नाही. तेथील जमीन कायद्यात शेतजमीन, वने, पाणी आणि विशेष गरजांसाठी राखून ठेवलेली जमीन असे वेगवेगळे वर्ग आहेत, आणि संरक्षित क्षेत्रे या शेवटच्या वर्गात मोडतात. सदर बदलले की जमीन कुरणाच्या आकड्यातून वजा होते. कुरण खाजगी मालकीत देता येणार नाही, ही तरतूद मात्र 1992 च्या राज्यघटनेतच आहे.

मंगोलियाची खरी चिंता क्षेत्राच्या आकड्यात उमटतच नाही. 1990 नंतर सहकारी पशुपालन संस्था मोडल्या, जनावरे कुटुंबांच्या मालकीची झाली आणि त्यांची संख्या सुमारे 2 कोटी 60 लाखांवरून 2019 पर्यंत 7 कोटींवर पोहोचली. काश्मिरी लोकरीला भाव असल्याने शेळ्या सर्वाधिक वेगाने वाढल्या. कुरण तेवढेच राहिले, पण ते अधिक खुडले गेले. उन्हाळ्यात गवत कमी वाढले आणि पाठोपाठ कडक हिवाळा आला की तेथे लाखो जनावरे दगावतात. 2009-10 आणि 2023-24 च्या हिवाळ्यांत असेच घडले.

दोन देशांच्या क्षेत्रांचे गुणोत्तर काढण्यापेक्षा प्रत्येक देशाची घट त्याच्याच नोंदींच्या इतिहासात वाचावी. तसे वाचल्यास भारताने 1960-61 नंतर गमावलेले सुमारे 37 लाख हेक्टर मला अधिक गंभीर वाटतात. त्यात नोंदींच्या फेरफाराचा काही वाटा असेलही, पण गावोगावची गायराने लागवडीखाली, घरांखाली आणि सरकारी प्रकल्पांखाली गेली आहेत, हे उघड आहे. गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग खटल्यात द्यावा लागला. मंगोलियात जनावरांचा भार घटला आणि पाऊस चांगला झाला, तर बऱ्याच कुरणांत गवत पुन्हा धरते. बांधकामाखाली गेलेल्या गायरानात ते धरत नाही, आणि त्याचा फटका सर्वप्रथम त्या माणसाला बसतो, ज्याच्याकडे चार शेळ्या आहेत पण स्वतःची जमीन नाही.