ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी मिळणाऱ्या ग्रेडना किती किंमत द्यायची?

प्रश्न असा होता: "मी फिलाडेल्फियाजवळ राहतो आणि दोन वर्षांपासून ऑफिसातल्या लोकांबरोबर ईगल्सचे सामने बघतो. एनएफएलचा ड्राफ्ट संपला की दुसऱ्या दिवशी जो तो ए, बी, सी असे ग्रेड वाटत सुटतो. एकही सामना न होता हे कसं कळतं? आपल्या संघाने नीट निवड केली की नाही, हे साध्या प्रेक्षकाने कशावरून ठरवायचं?"

ड्राफ्ट म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या संघांनी कॉलेजच्या खेळाडूंची पाळीपाळीने केलेली निवड. खेळाडू कसा निघेल हे त्या दिवशी कोणालाच कळत नाही. त्या ग्रेडमधून दिसतं ते एवढंच, की ग्रेड देणाऱ्याने आधी करून ठेवलेल्या यादीशी संघाची निवड किती जुळली. त्याच्या यादीत 60वा असलेला खेळाडू संघाने 30व्या क्रमांकावर उचलला की ग्रेड घसरतो, 20वा असलेला 40व्याला मिळाला की चढतो. यादीच चुकली असेल तर ग्रेडही चुकणार. 2012 मध्ये सिअॅटल सीहॉक्सनी 15व्या क्रमांकावर ब्रूस अर्विन, 47व्यावर बॉबी वॅग्नर आणि 75व्यावर रसेल विल्सन घेतला, तेव्हा कित्येक जाणकारांनी त्या ड्राफ्टला अगदी तळाचे ग्रेड दिले होते. अर्विनला फार लवकर घेतलं, विल्सन क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) म्हणून बुटका, असं त्यांचं म्हणणं. फेब्रुवारी 2014 मध्ये हाच संघ सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला, तेव्हा क्वार्टरबॅक विल्सन होता आणि बचावाच्या मधोमध वॅग्नर.

म्हणून दोन हिशोब वेगळे मांडा. एक त्या रात्रीचा: संघाने काय मोजलं, कोणत्या जागेसाठी मोजलं आणि कोणाला सोडून दिलं. दुसरा तीन हंगामांनंतरचा: माणूस प्रत्यक्षात काय निघाला. हे दोन्ही एकात एक कालवले की चांगला निर्णय दुर्दैवाने फसला तरी तो मूर्खपणा वाटतो, आणि वेडा जुगार लागला तर दूरदृष्टी वाटते.

आयपीएलचा लिलाव बघून तयार झालेल्या आपल्या नजरेची इथे एक गल्लत होते. लिलावात प्रश्न असतो किती कोटींना घेतला. एनएफएल ड्राफ्टमध्ये पैसा जवळजवळ ठरलेलाच असतो. 2010 मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला 6 वर्षांचा 7.8 कोटी डॉलरचा करार मिळाला होता. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2011 च्या नव्या करारनाम्यानंतर त्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनला 4 वर्षांचे साधारण 2.2 कोटी मिळाले. तेव्हापासून प्रत्येक क्रमांकाचा पगार बांधलेला आहे. खरं चलन आहे ते पाळी. 32 संघ, 7 फेऱ्या, आदल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेला संघ आधी, आणि तिसऱ्या फेरीपासून पुढे, मोठे खेळाडू गमावलेल्या संघांना भरपाईच्या जादा पाळ्या. त्यामुळे विचारायचं ते हे: या क्रमांकावर याच्याऐवजी आणखी कोण मिळालं असतं?

पगार बांधलेला असण्याचा आणखी एक परिणाम आहे, आणि चाहते तो हमखास विसरतात. खुल्या बाजारात जी जागा महाग, ती ड्राफ्टमधून भरली की संघाचा फायदा मोठा. क्वार्टरबॅक, क्वार्टरबॅकवर चालून जाणारे एज रशर, त्यांना रोखणारा लेफ्ट टॅकल, झेल घेणारा वाइड रिसीव्हर आणि रिसीव्हरला अडवणारा कॉर्नरबॅक या त्या महागड्या जागा. चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक स्वस्तात मिळतो. न्यूयॉर्क जायंट्सनी 2018 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर रनिंग बॅक सेक्वॉन बार्कली घेतला. खेळाडू अव्वल, यात वाद नाही. पण 2024 मध्ये तोच बार्कली ईगल्सनी खुल्या बाजारातून 3 वर्षांच्या 3.775 कोटी डॉलरच्या करारावर आणला आणि त्या हंगामात तो 2,005 यार्ड धावला. जी गोष्ट पुढे बाजारात परवडणाऱ्या दरात मिळू शकते, तिच्यावर दुसरा क्रमांक खर्च करणं मला आजही पटत नाही.

तुम्ही फिलाडेल्फियाकडचे, तेव्हा ईगल्सचा 2020 चा ड्राफ्ट समोर घेऊन बसा. एकाच संघाने, एकाच ड्राफ्टमध्ये केलेल्या दोन निवडी त्यात शिकण्यासारख्या आहेत.

संघाला वाइड रिसीव्हर हवा होता. 21व्या क्रमांकावर त्यांनी टीसीयू कॉलेजचा जेलन रेगर घेतला. लगेच पुढच्या, 22व्या क्रमांकावर मिनेसोटाने एलएसयू कॉलेजचा जस्टिन जेफरसन उचलला. पहिल्या हंगामात रेगरचे 31 झेल आणि 396 यार्ड, जेफरसनचे 88 झेल आणि 1,400 यार्ड. आता त्या रात्री काय माहीत होतं ते बघा. 2019 च्या कॉलेज हंगामात जेफरसनचे 111 झेल आणि 1,540 यार्ड होते, रेगरचे 43 झेल आणि 611. रेगरच्या बाजूने सांगितलं जायचं की त्याला चेंडू फेकणारे क्वार्टरबॅकच कच्चे होते, आणि वेगाने लांब धावणारा गडी संघाला हवा आहे. जेफरसनबद्दल शंका अशी की तो बहुतेक वेळ आतल्या बाजूच्या स्लॉटमधून खेळला, बाहेरच्या कडेला टिकेल का? पण 40 यार्डांची धाव जेफरसनने 4.43 सेकंदांत काढली होती आणि रेगरने 4.47 सेकंदांत. म्हणजे ज्या वेगासाठी रेगर घेतला, तो घड्याळावर जेफरसनकडे जास्तच होता. ही चूक त्या रात्रीच्या कागदांवरही दिसत होती, म्हणून निर्णयाच्या हिशोबातही ती चूकच धरायची. रेगर पुढे 2022 मध्ये मिनेसोटाकडेच गेला, तोपर्यंत जेफरसन तिथला हुकमी एक्का झाला होता.

त्याच ड्राफ्टमध्ये 53व्या क्रमांकावर ईगल्सनी जेलन हर्ट्स घेतला आणि शहर खवळलं. संघाचा तेव्हाचा क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ, त्याला वर्षभरापूर्वीच 4 वर्षांची 12.8 कोटींची मुदतवाढ दिलेली होती. मग दुसऱ्या फेरीत क्वार्टरबॅक कशाला? चाहत्यांची तक्रार अगदीच बिनबुडाची नव्हती, कारण त्या जागी लगेच मैदानात उतरणारा कोणीतरी मिळाला असता. पण वेंट्झ दुखापतींनी वारंवार बाहेर बसत होता, आणि सर्वांत महाग जागेवर चार वर्षं स्वस्त, दमदार पर्याय हाताशी असणं याला किंमत आहे. 2021 मध्ये वेंट्झ इंडियानापोलिसला गेला, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये ईगल्सनी कॅन्सस सिटी चीफ्सना 40-22 असं हरवलं तेव्हा सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू हर्ट्स होता. गरजेची जागा भरताना संघ चुकला आणि लोकांना अनावश्यक वाटलेली निवड फळली.

याच शहराने 1999 मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅक डॉनोव्हन मॅकनॅबची न्यूयॉर्कमध्ये हुर्यो उडवली होती, कारण लोकांना रनिंग बॅक रिकी विल्यम्स हवा होता. विल्यम्ससाठी न्यू ऑर्लिन्सने त्या वर्षाच्या आपल्या सगळ्या पाळ्या आणि पुढच्या वर्षीची पहिली आणि तिसरी फेरी मोजली आणि 3-13 (3 विजय, 13 पराभव) असा हंगाम काढला. मॅकनॅबने ईगल्सला पाच वेळा एनएफसीच्या, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या, अंतिम सामन्यात नेलं.

पाळ्यांच्या अदलाबदलीचा हिशोब कागदावर करता येतो, आणि तो जरूर करावा. डॅलस काउबॉइजमध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालेला, प्रशिक्षक जिमी जॉन्सनच्या नावाने चालणारा तक्ता आजही अनेक जण वापरतात. त्यात पहिला क्रमांक 3,000 गुणांचा, दुसरा 2,600, तिसरा 2,200, दहावा 1,300, 32वा 590. 2017 मध्ये शिकागोने क्वार्टरबॅक मिचेल ट्रुबिस्कीसाठी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना तिसरा क्रमांक (2,200), 67वा (255), 111वा (72) आणि पुढच्या वर्षीची तिसरी फेरी दिली. बेरीज 2,527 आणि वर थोडं. म्हणजे तक्त्याप्रमाणे सौदा जवळजवळ चोख. त्याच रात्री कॅन्सस सिटीने 27व्यावरून दहाव्यावर उडी मारली: 27वा (680), 91वा (136) आणि पुढच्या वर्षीची पहिली फेरी. पुढच्या वर्षीची फेरी धरताना एक फेरी खाली उतरवायची, म्हणजे ती दुसऱ्या फेरीच्या मध्याएवढी, साधारण 420. एकूण 1,236, समोर 1,300. हाही सौदा बरोबरीचा. तक्त्याला दोन्ही सारखेच दिसले, फरक एवढाच की एकाने ट्रुबिस्की घेतला आणि दुसऱ्याने पॅट्रिक महोम्स.

तरीही माझ्या मते शिकागोचा निर्णय त्या रात्रीसुद्धा जास्त वाईट होता. एका पायरीसाठी तीन पाळ्या देणं म्हणजे "हा एकच, दुसरा कोणी नाही" अशी पक्की खात्री असल्यासारखं वागणं. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी ड्राफ्टच्या जुन्या नोंदी तपासून दाखवलं की एका जागेवर आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेवरच्या नंतरच्या लगतच्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता जेमतेम 52-53 टक्के असते. जवळपास नाणेफेक. या नाणेफेकीसाठी जादा पाळ्या मोजणारा संघ दिसला की तिथे बेधडक खूण करा. भविष्यातली पहिली फेरी देणाऱ्यांवर तर दोन खुणा. कॅरोलिनाने 2023 मध्ये ब्राइस यंगसाठी शिकागोला दिलेली 2024 ची पहिली फेरी 2-15 च्या हंगामामुळे थेट पहिला क्रमांक होऊन बसली.

आता तुमची तयारी. ड्राफ्टच्या आठवडाभर आधी एक साधी शीट करा. संघाच्या 22 मुख्य जागा, प्रत्येकासमोर खेळाडूचं वय आणि करार कोणत्या वर्षी संपतो ते. ओव्हर द कॅप या साइटवर करार मिळतात. यंदाची भोकं सगळ्यांनाच दिसतात, तुम्ही पुढच्या दोन वर्षांत संपणाऱ्या करारांवर पिवळा रंग मारा. लोक "ही जागा तर भरलेली आहे" म्हणून ज्या निवडीवर चिडतात, ती बहुधा त्या पिवळ्या रकान्यातली असते. मग एका समीक्षकाची यादी घेऊ नका. आरिफ हसन दरवर्षी अनेक याद्या एकत्र करून सरासरीचा बोर्ड काढतात, तो घ्या. पहिल्या फेरीत त्यापेक्षा 20 जागा आधी घेतलेला खेळाडू म्हणजे विचारण्याजोगी गोष्ट. तिसऱ्या-चौथ्या फेरीत मात्र 40 जागांचा फरकही सोडून द्या, शंभरच्या पुढे याद्या आपापसातच जुळत नाहीत.

एखादा नावाजलेला खेळाडू घसरत खाली आला की चाहते "लॉटरी लागली" म्हणून नाचतात. घाई करू नका. 32 संघांनी त्याला सोडलं असेल तर गुडघ्याचा एमआरआय किंवा मैदानाबाहेरची भानगड, असं काहीतरी त्यांना माहीत असू शकतं, आणि वैद्यकीय अहवाल आपल्याला कधीच दिसत नाहीत. कारण उघड असेल आणि तात्पुरतं असेल तर गोष्ट वेगळी. 2024 मध्ये कूपर डीजीन पायाचं हाड मोडल्यामुळे कंबाइनमध्ये (ड्राफ्टपूर्वीच्या चाचण्यांमध्ये) धावलाच नव्हता. ईगल्सनी 50व्यावरून वर सरकून त्याला 40व्यावर घेतला. हाड जुळतं, झिजलेला सांधा परत येत नाही, एवढा भेद ठेवला तरी पुष्कळ. पुढे फेब्रुवारी 2025 च्या त्याच सुपर बोलमध्ये, आपल्या 22व्या वाढदिवशी, त्याने महोम्सचा चेंडू अडवून थेट टचडाउन केला.

त्या रात्री प्रत्येक निवडीसमोर पुढची पाच नावंही लिहा, त्याच जागेवरची दोन आणि बोर्डवर वर असलेली तीन. हा रकाना नसेल तर तीन वर्षांनी तुलना कोणाशी करणार? नाहीतर मग सहाव्या फेरीतला, 199वा टॉम ब्रेडी काढून सगळ्यांना झोडपत बसायची वेळ येते. त्याला तर सगळ्याच संघांनी, पेट्रियट्सनीसुद्धा, पाच फेऱ्या सोडलं होतं.

तीन हंगामांनंतर दुसरी वही उघडा. आधी बघायचं ते स्नॅप, म्हणजे खेळाडू किती डावांना मैदानावर होता. एका संघाचे हंगामात आक्रमणाचे साधारण हजार-अकराशे स्नॅप होतात, बचावाचेही जवळपास तेवढेच. कॉर्नरबॅक किंवा आक्रमणातला टॅकल तिसऱ्या वर्षी आपल्या बाजूचे बहुतेक स्नॅप खेळत नसेल तर काहीतरी बिनसलंय. डिफेन्सिव्ह टॅकल मात्र आलटून-पालटून खेळतात, त्यांच्यासाठी निम्म्याच्या वर असले तरी चांगलं. टाइट एंडला (अडवणारा आणि झेलही घेणारा गडी) वेळ लागतो, पहिल्या वर्षावरून त्याला निकालात काढू नका. प्रो फुटबॉल रेफरन्सवरचा अॅप्रॉक्झिमेट व्हॅल्यू हा आकडा वेगवेगळ्या जागांची ढोबळ तुलना करायला पुरतो, बारीक फरकांना नाही.

पहिल्या फेरीतल्यांसाठी संघ स्वतःच उत्तर देतो. तिसऱ्या हंगामानंतर मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत संघांना चार वर्षांच्या कराराला पाचवं वर्ष जोडण्याचा पर्याय घ्यायचा की नाही हे कळवावं लागतं, आणि घेतला की ते पूर्ण पैसे हमीचे होतात. पर्याय नाकारला म्हणजे ज्यांनी निवडलं त्यांचाच विश्वास उडाला.

सरावाला ईगल्सचा 2023 चा ड्राफ्ट घ्या, 2025 च्या हंगामाअखेर त्याची तीन वर्षं भरतात. 9व्यावर जेलन कार्टर, 30व्यावर नोलन स्मिथ. कार्टरसाठी संघ फक्त एक पायरी वर सरकला आणि त्यासाठी पुढच्या वर्षीची चौथी फेरी मोजली. ट्रुबिस्कीच्या सौद्याशेजारी तो ठेवून बघा, मग त्या वर्षी 10 ते 14 क्रमांकांवर कोण गेले ते लिहा आणि सगळ्यांचे स्नॅप शेजारी मांडा.