सगळे जिवाणू गुलाबी दिसले तेव्हा

पदवीच्या पहिल्याच वर्षी प्रॅक्टिकलमध्ये हातून सतत चुका होत असतील, तर सूक्ष्मजीवशास्त्र आपल्यासाठी नाही असे समजावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र प्रत्येक चूक आपोआप काही शिकवते, असेही मी म्हणणार नाही; माझ्या सुरुवातीच्या कित्येक चुका मी काहीही न शिकता बेसिनमध्ये धुऊन टाकल्या.

त्यांतली एक सविस्तर सांगतो. ग्रॅम रंजनासाठी, म्हणजे जिवाणू रंगवून त्यांचे जांभळे आणि गुलाबी असे दोन गट ओळखण्यासाठी, आम्हाला बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू) दिले होते. हे जिवाणू ग्रॅम पॉझिटिव्ह, म्हणजे जांभळे दिसायला हवेत. माझ्या स्लाइडवर ते जवळजवळ सगळे गुलाबी होते. कल्चरच दूषित असेल असे ठरवून मी दुसरी स्लाइड केली, तीही गुलाबी आली. तेव्हा मॅडमनी दोनच प्रश्न विचारले: रंग धुणारे अल्कोहोल किती सेकंद ठेवले होते, आणि ओळखीच्या जिवाणूंचा स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला पातळ थर) शेजारी का घेतला नाही? माझ्याकडे एकाचेही उत्तर नव्हते.

क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग आणि आयोडीन यांचे संकुल ग्रॅम पॉझिटिव्ह पेशीच्या जाड भित्तिकेत अडकून राहते, तर ग्रॅम निगेटिव्ह पेशीचे बाह्यपटल अल्कोहोलने विरघळते आणि ते संकुल पातळ भित्तिकेतून निघून जाते. अल्कोहोल गरजेपेक्षा जास्त वेळ राहिले, तर जाड भित्तिकाही रंग सोडते आणि शेवटी लावलेला सॅफ्रानिन हा दुसरा रंग तिला गुलाबी करतो. हे मला पाठ होते, पण त्या दुपारी एका बाजूला स्टॅफिलोकोकस (नक्की ग्रॅम पॉझिटिव्ह), दुसऱ्या बाजूला ई. कोलाय (नक्की ग्रॅम निगेटिव्ह) आणि मध्ये बॅसिलस असे स्मिअर घेऊन मी 5, 15, 30 आणि 60 सेकंदांच्या चार स्लाइड केल्या, तेव्हा ते कळले. माझ्या हाताला 15 सेकंद योग्य ठरले. तरीही बॅसिलसच्या बऱ्याच पेशी गुलाबीच राहिल्या, कारण ते कल्चर चार दिवसांचे होते आणि जुन्या पेशींची भित्तिका रंग नीट धरून ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी 24 तासांचे कल्चर घेतले आणि ते जांभळे दिसले. एका चुकीमागे दुसरी दडलेली होती, आणि शेजारचे दोन स्मिअर नसते तर ती मला कधीच सापडली नसती.

आपल्याकडच्या फेअर जर्नलविषयी, म्हणजे तपासणीसाठी द्यायच्या नीटनेटक्या प्रयोगवहीविषयी, मला मनापासून वाईट वाटते ते यासाठीच. त्यात सगळ्यांचे निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे येतात आणि गुलाबी स्लाइड कुणाच्याच जर्नलमध्ये नसते. म्हणून एक कच्ची वही ठेवा, आणि तिच्यात जे घडले तेच लिहा.

न लिहिलेली चूक किती महाग पडते पाहा: 1952 साली टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथे टी. सी. शू या संशोधकांना मानवी पेशींतील गुणसूत्रे अचानक सुटी, मोकळी पसरलेली दिसली, पण नेहमीच्या पद्धतीने ती पुन्हा तशी मिळेनात. एकेक घटक बदलून पाहण्यात त्यांचे काही महिने गेले. शेवटी उलगडले की, कुणीतरी धुण्याचे क्षारद्रावण चुकून जास्त पातळ केले होते आणि त्यामुळे पेशी फुगल्या होत्या. पुढे 1956 मध्ये त्जियो आणि लेवान या संशोधकांनी मानवी गुणसूत्रांची संख्या 48 नसून 46 असल्याचे दाखवले, त्यात पातळ द्रावणाने पेशी फुगवण्याची हीच पद्धत उपयोगी पडली. चूक कुणाची होती, हे कधीच कळले नाही. ती लिहून ठेवली असती, तर शू यांचे ते महिने वाचले असते.

बाकीच्या चुका बहुतेकांच्या सारख्याच असतात: गरम आगारमध्ये (जिवाणू वाढवण्याच्या माध्यमात) अँपिसिलिन हे प्रतिजैविक घालून ते निकामी करणे (बाटली हाताला सोसेल इतकी निवू द्यावी), किंवा मायक्रोपिपेटचे (अगदी थोडा द्रव मोजून घेण्याच्या साधनाचे) बटण दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून द्रव ओढणे आणि जास्त माप घेणे. त्या एकदा दाखवून दिल्या की सुटतात.

पुढच्या प्रॅक्टिकलला सूक्ष्मदर्शकात डोकावण्यापूर्वीच कल्चर किती तासांचे आहे, रंग कोणत्या बाटलीतला आहे आणि अल्कोहोल किती सेकंद ठेवले, हे लिहून टाका. निकाल दिसल्यावर लिहायला बसलात, तर आठवण त्या निकालाकडे झुकते.